फूटभर मऊ माती

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी डेल्मर योकम नेहमीसारखा पहाटे पाचला उठला, बूट चढवले, किल्ली घेतली आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता आपल्याला कुठेही जायचं नाही. उतरून घरात जायचं तर तेही जमेना. त्याची बायको नोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती साडेसहाला बाहेर पडली तेव्हा तो अजून तिथेच होता. काय करतोयस म्हणून तिने विचारलं, तर म्हणाला इंजिनाचा आवाज ऐकतोय. इंजिन बंद होतं.

चौतीस वर्षं तो वीज सहकारी संस्थेत लाईनमन होता. आमच्या ओझार्कच्या डोंगरांत घरं अशी विखुरलेली की एका घराच्या दिव्यासाठी दोन मैल तार ओढावी लागते, आणि त्यातली प्रत्येक तार डेल्मरच्या हाताखालून गेलेली. एका जानेवारीत पाऊस तारांवरच गोठला आणि अकरा दिवस अख्ख्या तालुक्यात अंधार होता. तेव्हा लोक खिडकीला नाक लावून त्याच्या पिवळ्या ट्रकची वाट बघत बसायचे. बायका खांबाच्या पायथ्याशी बरणीतून गरम कॉफी आणून ठेवायच्या. घरचा फोन तर इतका वाजायचा की नोरीन त्याच्यावर उशी ठेवायची. आता तोच फोन वाजला की समजायचं, नोरीनची बहीण.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं त्याचं झालं. रस्त्यावरची पत्रपेटी त्याने तीनदा उखडून तीनदा रोवली. स्वयंपाकघरातले खण असे काही लावले की नोरीनला आठवडाभर चमचे सापडेनात. जेवताना मध्येच उठून तो छपराची पन्हळ बघून यायचा. शेवटी एका रविवारी, चर्चमधून येताना, नोरीनने ट्रकमध्येच विषय काढला.

"घराबाहेर काहीतरी काम काढ, डेल्मर. घरातलं जे होतं ते तू तीनदा केलंयस."

काम आपल्या पायाने चालत आलं. नोव्हेंबरात हरणांचा मोसम सुरू होतो. त्याआधी घरोघरी बंदुका कपाटातून बाहेर निघतात आणि नळीवरची दुर्बीण नीट जुळली आहे की नाही हे बघायला पाचदहा गोळ्या झाडाव्या लागतात. पूर्वी सगळे ओढ्याकाठच्या खडीच्या खाणीत जायचे. ती खाण शहरातल्या कुणीतरी विकत घेतली आणि तोंडाशी साखळी लावली. तेव्हापासून जो तो आपापल्या परसात नेम जुळवायला लागला, आणि वेस्टर प्रुइटने तर स्वतःच्याच ट्रकचा आरसा फोडला. डेल्मरकडे ऐंशी एकर होते आणि मागे टेकडी. पायथ्याशी मातीचा भक्कम बांध घालायचा, शंभर यार्डांवर बाकं मांडायची, आणि मोसमाआधी चार शनिवार सगळ्यांना बोलवायचं. आपल्याकडे सरकारला विचारावं लागत नाही, शेजाऱ्याला विचारावं लागतं.

शेजारी म्हणजे टेकडीपलीकडची वेल्दा ब्रीडलव. वयाचा मान म्हणून सगळे तिला मिस वेल्दा म्हणत. वय शहात्तर, नवरा हर्शेल दोन वर्षांपूर्वी गेलेला. चौदा गाई, काही कोंबड्या आणि ती, एवढा संसार. दोघांच्या जमिनींमधलं कुंपण टेकडीच्या माथ्यावरून जायचं. आमच्याकडे कुंपणाची रीत अशी, की दोन्ही मालकांनी मधोमध समोरासमोर उभं राहायचं आणि आपापल्या उजव्या हाताची बाजू ज्याची त्याने राखायची. दुसऱ्याच्या बाजूला न विचारता हात लावणं म्हणजे त्याच्या तोंडावर तू नालायक आहेस असं सांगणं. हर्शेल गेल्यापासून वेल्दाची बाजू झुकत चालली होती. दोन खांब कुजले होते, तारा लोंबत होत्या. दोन वर्षं डेल्मरचे हात शिवशिवत होते. पण तिने सांगितलं नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय कसा जाणार?

तो तिला कुंपणाशीच भेटला. वेल्दाने सगळं ऐकून घेतलं, टेकडीकडे एकदा पाहिलं, मग त्याच्याकडे.

"टेकडीवर माझा भरवसा आहे. ती काही हलायची नाही," ती म्हणाली. "पण एक गोळी जरी इकडे आली, तरी बंद करायचं. दुसरीची वाट बघायची नाही."

"एक जरी आली, मिस वेल्दा, तर मी स्वतः येऊन सांगेन तुम्हाला."

तारेवरून दोघांनी हात मिळवला. कागद नाही, साक्षीदार नाही. असल्या गोष्टीला आमच्याकडे कागद करणाराच चोर ठरतो.

जूनमध्ये त्याने काम सुरू केलं आणि पहिल्याच आठवड्यात ज्युनियर मॅडॉक्स येऊन उभा राहिला. ज्युनियर नदीकाठची गाळाची माती ट्रकने पोचवायचा. लोण्यासारखी माती, एक खडा नाही. त्याने डेल्मरच्या ढिगाकडे बघितलं आणि मान हलवली.

"बांध माझ्या मातीचा घाल, डेल्मर."

"ऐंशी एकरांचा मालक मी, आणि माती विकत आणू? माझा बाप थडग्यातून उठून मला हाणेल."

"तुझ्याकडे माती आहेच कुठे? तुझ्याकडे दगड आहेत. त्यांच्यात अधूनमधून माती सापडते."

बोलणं खोटं नव्हतं. आमच्या जमिनीत नांगर घातला की बटाट्यासारख्या गारगोट्या वर येतात. दर वसंतात वेचाव्या, दर वसंतात नव्या हजर. पण विकतची माती हा शब्दच डेल्मरच्या घशाखाली उतरेना, आणि दुसऱ्या कुणाच्याही उतरला नसता. आमच्यात माणूस बायकोची अंगठी गहाण टाकेल, पण माती विकत घेतली हे चारचौघांत कबूल करणार नाही.

तरी तो काही मूर्ख नव्हता. गोळी दगडावर बसली तर उसळते, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने यंत्राने दगडमातीचा दोन पुरुष उंच ढीग रचला आणि पुढच्या अंगाला चाळलेल्या मातीचा थर द्यायचं ठरवलं. जुन्या पलंगाची स्प्रिंगची जाळी काढून तिची चाळण केली. सगळा जुलै, सगळा ऑगस्ट, फावड्याने माती उचलायची, जाळीवर टाकायची, हलवायची, गारगोट्या बाजूला फेकायच्या. तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यांचे घट्टे झाले. पोट उतरलं. नोरीन म्हणायची, याच्याशी मी लग्न केलं होतं, मधे हा कुठे गेला होता कोण जाणे. सप्टेंबर संपता संपता बांधाचं तोंड फूटभर मऊ मातीने झाकलं गेलं. हात लावला तर बोटं आत जायची. फूटभर पुरे, असं त्याने ठरवून टाकलं. दोन फूट करायला अजून तीन महिने लागले असते, आणि मोसम कुणासाठी थांबत नाही.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी नऊच्या आत त्याच्या कुरणात सव्वीस गाड्या लागल्या. डेल्मरने विजेचा जुना खांब रोवून त्यावर लाल झेंडा चढवला होता. नोरीनने हरणाच्या खिम्याची चिली आणि केळ्याचं पुडिंग केलं होतं, आणि कॉफीचं पातेलं तर चर्चमधलं आणलं होतं. डेल्मर बाकांच्या मागून येरझाऱ्या घालत होता. "गरम" म्हणून ओरडला की गोळीबार सुरू, "थंड" म्हणून ओरडला की सगळ्यांनी बंदुका उघडून बाकावर ठेवायच्या, मागे सरायचं, आणि मगच कुणीतरी पुढे जाऊन निशाणाचे कागद बदलायचे. माणसं त्याच्या एका शब्दावर थांबत होती, एका शब्दावर हलत होती. "डेल्मर, जरा इकडे ये." "डेल्मर, ही दुर्बीण बघ ना." "तू नसतास तर आम्ही काय केलं असतं, डेल्मर." तो सकाळपासून एकदाही बसला नव्हता, आणि इतक्या महिन्यांत प्रथमच बसावंसं वाटत नाही याचं त्याला वाईट वाटत नव्हतं.

दुपारी एकच्या सुमाराला वेस्टर प्रुइट बाकावर होता. सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारी टोपणं. डेल्मर सहज वर बघत होता. वेस्टरने गोळी झाडली, आणि टेकडीच्या माथ्यावरच्या, कुंपणाला लागून असलेल्या ओकची एक डहाळी तुटून खाली आली. वारा नव्हता. पानही हलत नव्हतं.

त्याने "थंड" म्हटलं आणि एकटा बांधापर्यंत चालत गेला. जाताना मनात म्हणत होता, खार असेल. कागदाच्या मागे, बरोबर लाल ठिपक्यापाशी, मातीत टोपलीएवढा खड्डा पडला होता. सकाळपासून अठरा घरांनी एकाच जागी नेम धरला होता, आणि नेम चांगले होते. फूटभर माती केव्हाच उडून गेली होती. आत पांढरीशुभ्र गारगोटी उघडी पडली होती, तिचे टवके उडालेले, वर शिशाचा करडा डाग. डेल्मर खड्ड्यासमोर असा उभा राहिला की मागून कुणाला दिसू नये.

अजून आठ गाड्यांतली माणसं थांबली होती. नोरीन वाटीत पुडिंग घेऊन त्याला हात करत होती. आत्ता काय बोलायचं ते त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याच्या जिभेवर येईना. तो परत आला आणि म्हणाला, बाकाचा पाय सुटलाय, आज एवढंच, बाकीचे पुढच्या शनिवारी. लोकांनी काही मनावर घेतलं नाही. जाताना प्रत्येकाने त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि एकेक थाप त्याला लागत होती.

रविवारी तो चर्चला गेला नाही, पाठ धरली म्हणाला. नोरीन गेल्याबरोबर टेकडी चढला. ओकच्या फांदीवर ताजी जखम होती. गोळी वर गेली होती हे नक्की. पण कुठे? झाडातच अडली असेल. कुंपणाच्या अलीकडेच पडली असेल. वेल्दाच्या बाजूला गेलीच नसेल, आणि गेली नसेल तर सांगायचं तरी काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. तो अलीकडे दुपारपर्यंत शोधत राहिला. सोमवारी लोंबणाऱ्या तारांवरून पाय टाकून पलीकडेही गेला, न विचारता, जन्मात पहिल्यांदा. वाळकी पानं पायाने सारत, मान खाली घालून, तिच्या कुरणात फिरत राहिला. चोराच्या मनात चांदणं. एक गाय हंबरली तर हा झाडामागे लपला. मग घरी येऊन चाळण घेऊन बसला आणि खड्डा बुजवायला माती चाळू लागला. सोडली. पुन्हा टेकडी चढला.

आणि फोन वाजत होता. जो फोन वाजावा म्हणून त्याने चार महिने हाडं झिजवली होती, तो आता सारखा वाजत होता. शनिवारी किती वाजता येऊ? मेव्हण्याला आणू का? केळ्याचं पुडिंग असेल ना? डेल्मर सगळ्यांना हो हो म्हणत होता. मंगळवारी सकाळी नोरीनने त्याच्यासमोर कॉफी ठेवली आणि स्वतःही बसली. कामाला जायची वेळ झाली होती, तरी बसली.

"बाकाचे पाय मी बघून आले," ती म्हणाली. "चारही घट्ट आहेत."

मग त्याने तिला सांगितलं. तिने रागावायला हवं होतं, पण ती रागावली नाही. फक्त म्हणाली, हे तू मला सांगून उपयोग नाही.

टेकडीवरून न जाता तो रस्त्याने फिरून गेला, चार मैल, ट्रकने, समोरच्या दाराला. वेल्दा जणू वाटच बघत असावी अशी दार उघडून बाजूला झाली. स्वयंपाकघरात त्याला खुर्ची दिली. खिडकीच्या फळीवर मुरंब्याच्या बरणीचं झाकण होतं. ते तिने उचलून त्याच्यासमोर ठेवलं. झाकणात शिशाचा एक चपटा तुकडा होता.

"खुराड्याच्या पत्र्यावर ठण्ण झालं," वेल्दा म्हणाली. "मी तिथून बारा पावलांवर चादरी वाळत घालत होते."

डेल्मरने तुकड्याला हात लावला नाही.

"काल माझ्या कुरणात मान खाली घालून फिरत होतास. मला वाटलं, अळंबी शोधतोय. मग म्हटलं, ऑक्टोबरात कुठली अळंबी."

"मी गोळी शोधत होतो, मिस वेल्दा."

"ते कळलं. पण मला एक सांग, सापडली असती तर तू आला असतास. आणि सापडली नसती तर?"

दोन दिवस तो गोळी शोधत नव्हता. ती नाही, याचा पुरावा शोधत होता. हे त्याला त्या खुर्चीत, त्या झाकणासमोर कळलं, आणि त्याला लाज वाटली. नोकरीत एकदा खांबावरून पडला होता तेव्हा छातीतला श्वास गेला होता, तशी ती लाज आली. त्या बारा पावलांचा विचार तर तो करूच शकत नव्हता.

"गोळी आली त्याचं मला काही नाही," वेल्दा म्हणाली. "दगडाला अक्कल नसते. पण तुला आहे. तू बोलला होतास, स्वतः येऊन सांगेन. तू वीज बंद आहे म्हणालास की हर्शेल त्या शब्दावर डोळे मिटून तारेखाली उभा राहायचा. म्हणून मीही टेकडीकडे पाठ करून कपडे वाळत घालत होते."

"बंद करतो मी. आजच."

"ते तर ठरलेलंच होतं. लोकांना काय सांगणार?"

"सांगेन की बाकाचं..." तो थांबला.

"खरं सांग. एकेकाला. तुझ्या तोंडाने."

कॉफी तिने विचारली नाही. आमच्याकडे घरी आलेल्या माणसाला कॉफी न विचारणं म्हणजे काय, ते डेल्मरला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या फोनपाशी बसला. दरीत मोबाईल लागत नाही, आणि या फोनची वायर जेमतेम खुर्चीपर्यंत पोचते. त्यामुळे येरझाऱ्या घालायची सोय नव्हती. सव्वीस घरं. प्रत्येकाला तेच सांगायचं: बाकाचं मी खोटं सांगितलं, बांधात दगड होते, गोळी मिस वेल्दाच्या खुराड्यावर गेली, मी तीन दिवस गप्प बसलो, आता बंद. कुणी हसलं. कुणी म्हणालं, एवढं काय त्यात, कुणाला लागलं थोडंच. वेस्टर प्रुइट म्हणाला, म्हणजे ती माझी गोळी. डेल्मर म्हणाला, गोळी तुझी, दगड माझा. दोन संध्याकाळी लागल्या. ज्युनियर मॅडॉक्सचं नाव त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

"दगड लागला?" ज्युनियरने विचारलं.

"लागला."

"कुणाला इजा नाही ना?"

"नाही."

"मग सुटलास," ज्युनियर म्हणाला आणि फोन ठेवला. त्याने एखादा टोमणा मारला असता तर डेल्मरला बरं वाटलं असतं.

मग डेल्मरने झेंडा उतरवला, बाकं चर्चला देऊन टाकली आणि यंत्र लावून बांध पाडला. तीन महिन्यांची चाळलेली माती गारगोट्यांत मिसळून गेली, आणि ती वेगळी होती असं कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. मोसमाच्या पहिल्या सकाळी दूरवरच्या डोंगरांतून बंदुकांचे आवाज येत होते. त्याची बंदूक कपाटातच होती. तो खिडकीतून उठून दाराशी गेला, दारातून ओट्यावर, ओट्यावरून परत खिडकीशी. नोरीनने त्याला तीनदा बस म्हटलं आणि चौथ्यांदा म्हणायचं सोडून दिलं. घरात फोन गप्प होता. बाराव्या दिवशीही गप्प होता.

तेराव्या दिवशी सकाळी वाजला. नोरीनची बहीण असणार म्हणून त्याने उचलला नाही. नोरीनने उचलला, ऐकलं, आणि त्याच्यापुढे धरला.

"टेकडीवरचं माझ्या उजव्या हाताचं कुंपण पडलंय," वेल्दा म्हणाली. "हर्शेल गेल्यापासून त्याला कुणाचा हात लागलेला नाही."

"ठाऊक आहे मला, मिस वेल्दा."

"ठाऊक आहे तर ये. तीन दिवस लावू नकोस."

डेल्मरने फोन ठेवला आणि बूट शोधायला लागला. पलंगाखाली बघितलं, दारामागे बघितलं, ओट्यावर जाऊन आला. नोरीन त्याच्याकडे बघत उभी होती. शेवटी तिनेच सांगितलं, पायात आहेत.